पान सतरापासून पुढे

कोपरखैरण्याला, तिसऱ्या मजल्यावर,
नवं वॉशिंग मशीन आलं.
खोक्यात थर्माकोल, दोन नळ्या, एक पाना
आणि अंगठ्याएवढा काळापांढरा चौकोन:
माहितीसाठी स्कॅन करा.
पुस्तिका नाही.
मी खोकं उलटं करून झटकलं. पांढरे दाणे पडले.
जोडणारा पोरगा म्हणाला, काका, आता कुठे कागद.

त्याला काय सांगू.
बावीस वर्षं तुर्भ्याच्या छापखान्यात
मी हेच लिहीत होतो.
मिक्सर, इस्त्री, गीझर, टेबलफॅन.
इंग्रजीच्या मागे हिंदी, हिंदीच्या मागे मराठी,
पान सतरापासून पुढे माझं राज्य.
‘ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नये.’
चौदा लाख प्रती. वाक्य माझं,
त्यातलं ‘नये’ सोडून.
मी ‘नका’ लिहिलं होतं.
‘नका’ म्हणजे कुणीतरी समोर उभं राहून सांगतंय,
मी भणगेसाहेबांशी अख्खी दुपार भांडलो.
कंपनीला समोर उभं राहायचं नव्हतं.

रात्री चौकोनावर फोन धरला.
भाषा निवडा.
थाई, अरबी, कोरियन, अंगठा दुखेपर्यंत खाली,
तेव्हा कुठे मराठी:
‘मशीनला बाळापासून कुलूप लावा.’
‘सूतकताई संपेपर्यंत दार उघडू नये.’
हसलो. लाल पेन शोधायला उठलो,
मग काचेवर खूण कशी करणार, म्हणून परत बसलो.

आम्ही तरी कुठले शहाणे.
एका गीझरच्या पुस्तिकेत
‘चालू’च्या जागी ‘बंद’ पडलं होतं,
ऐंशी हजार प्रती,
तीन रात्री खळीचे डबे घेऊन
पट्ट्या चिकटवत बसलो.
चौकोनातलं म्हणे एका बोटानं सुधारतं.
सुधारत असेल.

पण हिच्या कपाटात मिक्सरची पुस्तिका आहे अजून,
मिक्सर भंगारात गेला त्याला नऊ वर्षं झाली.
समासात पेन्सिलीनं: ‘सुकं खोबरं थांबत थांबत.
झाकणावर हात. मागच्या वेळी छताला लागलं.’
माझ्या छापील ओळीखाली
तिनं कधी रेघ मारली नाही.
तिनं तिचीच पुस्तिका लिहिली.

सकाळी झुंबरबाई आल्या.
त्यांचा फोन बटणांचा, मिस्ड कॉलपुरता.
मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाल्या,
दादा, ह्याचं काय दाबायचं?

खोक्याचा पुठ्ठा कापला. नातवाचं स्केचपेन घेतलं.
नळ आधी सोडा.
गोल बटण उजवीकडे, तीनदा टक्क वाजेपर्यंत.
साड्या वेगळ्या टाका, पीळ पडतो.
मग जागा उरली थोडी, कोपऱ्यात,
तिथं बारीक अक्षरात
ओल्या हातांनी प्लगला हात लावू नका.

बाईंनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं,
‘नका’पाशी थांबल्या,
माझ्याकडे बघितलं,
आणि हात पदराला पुसले.