खरवड

व्हर्डेल, आज चुलीपुढे मी उभा राहिलो.
तुला बसवलं खिडकीपाशी, पंख्याच्या वाऱ्यात.
उजवा हात तू मांडीवर ठेवलास,
परक्या कुणी सांभाळायला दिला असावा तसा.

एकेचाळीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत लगदा ढवळला
टॉम्बिग्बीच्या काठी, नासक्या अंड्यांच्या वासात.
घरी आलो की पायरीवरच कळायचं आज काय शिजलंय.
कसं शिजलं, हे विचारायला कधी आत आलो नाही.

डॉक्टर म्हणाला, शब्द गेलेत, समज शाबूत आहे.
एकच उरलाय तुझ्यापाशी: नको.
पाणी हवं असलं तरी नको. दिवा मालव, नको.
पाद्री क्लीटस हात धरून लांबलचक प्रार्थना करायला लागला,
तेव्हाही नको.
तो एक तेवढा खरा होता, आणि फक्त मला कळला.

पोर्क चॉप चार, हाडासकट, अंगठ्याएवढे जाड.
रात्रभर ताकात ठेवले होते, एवढं मला ऐकून माहीत.
निथळले, पुसले, मैद्यात घालणार
तोच तू चमचा आपटलास. नको.
काय नको? मीठ? पिशवी? मी?
तू डाव्या नखानं टेबलावर रेघ ओढलीस, मग दुसरी.
हां, कडेच्या चरबीला चिरा.
नाहीतर तापले की वाटीसारखे वळतात.

मिरी. थोडी? नको. आणखी? नको.
एवढी?
तू गप्प. म्हणजे एवढी.

बिडाचा तवा तुझ्या आईनं लग्नात दिलेला.
मी तेव्हा हसलो होतो, लोखंड देतं का कुणी मुलीला.
त्यात डुकराची चरबी वितळली,
पहिला चॉप सोडला
आणि घरात तो आवाज झाला
जो मार्चपासून झाला नव्हता.
आपण दोघंही जरा वेळ नुसते ऐकत राहिलो.

मला उलटायची घाई. नको.
आता? नको.
तू मान कलती केलीस, कान दिलास,
चरचर बारीक झाली, सूर थोडा चढला,
आणि तुझा डावा हात अलगद उताणा झाला,
रविवारी भजनाच्या पुस्तकाचं पान उलटतेस तसा.

चारही जाळीवर काढले. चरबी डब्यात ओतली.
तवा घेऊन नळाकडे निघालो,
तळाशी काळपट, जळकट काहीतरी धरलं होतं,
तर तू अशी ओरडलीस
की पलीकडे रोस्कोंचा कुत्रा भुंकायला लागला.
नको! नको नको नको!

हे? ही खरवड?
म्हणजे एवढी वर्षं मी बोटं चाटली ती हिच्यापायी?

मग दोन चमचे चरबी परत, दोन चमचे मैदा,
आणि लाकडी उलथनं.
इथं मात्र, व्हर्डेल, तू बघतच राहिलीस.
गुठळी कुठं धरते, घट्टपणा कधी येतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
रंग किराण्याच्या पिशवीचा झाला पाहिजे, फिकाही नाही, गडदही नाही.
तो रंग मी टनांनी काढलाय.
दूध ओतलं, धार बारीक, हात न थांबवता,
खरवड सुटली, वर आली, विरघळली.
तू एकदाही नको म्हणाली नाहीस.

भातावर ग्रेव्ही, ग्रेव्हीवर चॉप.
तुझा तुकडा कापून द्यायला सुरी उचलली
तर हातावर चापट.
हाड डाव्या मुठीत धरून तू दातांनी सोडवलंस,
ग्रेव्ही कोपरापर्यंत ओघळली,
पुसू दिली नाहीस.

जमलंय का, विचारलं.
तू बराच वेळ ताटाकडे पाहिलंस.
नको, म्हणालीस,
आणि रिकामं ताट तव्याच्या बाजूला सरकवलंस.
मी वाढलं.

मीठ कमी पडलं होतं.
मला ते कळलं नंतर,
तू निजल्यावर,
पावाच्या कडेनं तवा पुसताना.