कोपरभर पाणी

शनिवारी दारव्ह्याच्या बाजारातून
सुगतनं कापराची एक डबी तेवढी आणली.
पुण्याच्या प्रयोगशाळेत म्हणे काम फार बारीक,
केसाच्या शंभराव्या भागाएवढे मणी,
आपले आपण जमतात, आपले आपण पांगतात.
इथं तसलं भिंग नाही, दुपारची लाइन नाही.
जर्मनचं कोपर आहे, राखेनं घासलेलं,
आणि त्यात विहिरीचं पाणी.

ज्वारीच्या धांड्याचा गाभा
त्यानं पात्यानं चकत्या चकत्या कापला.
याचीच बैलगाडी करायचो आम्ही,
बैल माझे, चाकं त्याची.
प्रत्येक चकतीच्या बुडाशी, एका कडेला
कापराचा कण दाबला
आणि सोडल्या.

सुटल्या!
वारा नव्हता. फुंकर कोणी घातली नव्हती.
एक काठाकाठानं फिरून आली,
एक मधेच थबकून मागं वळली
चुकार वासरासारखी.
मग दोघी चिकटल्या, तिसरी येऊन अडली,
आणि तिघींची मिळून भिंगरी झाली.
तसं गरगरणं
त्यांतल्या एकीलाही येत नव्हतं.

"यायले कोन सांगते?" मायनं विचारलं.
"कोनीच नाही."
"मंग कयते कसं?"
"कयत नाही, माय. कयाचं कामच नाही पडत."

माय सुईण.
निळं, गप्प पोर हातात आल्यावर
किती वेळ थांबायचं, ते तिला ठाऊक.
ती तशीच थांबली कोपराजवळ.
"भूक लागते का यायले?"
सुगत जरा अडखळला.
"कापूर झिजते तवर चालतेत."
"म्हंजे सोताले खाऊन?"
"हो. सोताले खाऊन."
"मंग जित्तंच हाय ना बाप्पा!"

एक चकती काठाला अडकली होती.
तिला ढोसायला मायनं बोट पुढं केलं,
सकाळी बेबीनंदाच्या लेकीला
जवसाच्या तेलानं चोळून आलेलं बोट.
पाण्याला टेकलं मात्र,
सगळं थांबलं.
भिंगरीसुद्धा, अर्ध्या गिरकीत.

सुगत सांगत राहिला,
तेलाची साय, पाण्याचा ताण, त्यात कोणाचा दोष नाही.
माय बोटाकडं पाहत होती.
पदराला पुसलं. पुन्हा पाहिलं.

मग उठून पाणी फेकलं,
राखेनं कोपर घासलं, दोनदा,
नवं पाणी ओतलं.
"कर बरं आता."
आणि स्वतः उंबऱ्यापाशी जाऊन बसली
हात पाठीमागं धरून,
तिच्यानं आत न घेतलेले बाप
बसायचे तशी.