पडत्या पंखाखाली

लिफ्टमध्ये पंख मावत नाही,
म्हणून दर रविवारी पहाटे पाच मजले जिन्याने.
वॉचमन दर वेळी विचारतो, ड्रोन का?
मी दर वेळी नाही म्हणते.
ड्रोनला स्वतःची अक्कल असते, याला माझीच.

आठ महिने जेवणाच्या टेबलावर होतं हे.
आधी कागदावर पंखाचा छेद,
वर जितका फुगीर तितकाच खाली,
म्हणजे आकाश कुठल्या अंगाला आहे
याचं त्याला काही पडलेलं नसतं.
मग बाल्साच्या फासळ्या, दोन दोन मिलिमीटरच्या,
बोटांची सालं काढणारा गोंद,
इस्त्रीनं ताणून बसवलेली लाल फिल्म
(त्याच इस्त्रीनं नंतर एक इरकल साडी खाल्ली),
आणि तुळस वाळून गेलेल्या कुंडीत
चार्जिंगला ठेवलेली बॅटरी.

पेणकर म्हणाले होते, शिकायचं विमान गरीब असतं,
काठी सोडली की आपलं आपण सरळ होतं.
हे तसं नाही. उताणं सोडलंस तर उताणंच राहील.
सुधारणार नाही ते. तुलाच सुधारावं लागेल.
एलिजा पेणकर. टूलरूममध्ये छत्तीस वर्षं.
पत्र्यावरची कुसळाएवढी चूक नखाला कळायची त्यांच्या.

भांडुपच्या मिठागरात पहिल्या वर्षी
मी दोन विमानं चिखलात घातली.
मीठ सर्व्होत शिरतं, आणि महिन्याभरानं
गिअर झोपेतल्या पोरासारखे दात खातात.
विमान माझ्याकडे यायला लागलं
की डावं उजवं होतं, आणि हात मात्र
सवयीनं जायचा तिकडेच जातो.
डावं-उजवं विसर, ते म्हणाले,
जो पंख पडतोय त्याच्याखाली काठी टेकव.
भिंतीला टेकू देतात तशी. बस.

आज बांधावर घडीच्या खुर्चीत बसलेत.
नजरेच्या बरोब्बर मध्ये आता एक राखाडी ठिपका,
जिकडे बघतील तिकडे आधी तोच पोचतो.
कडेनं घार दिसते, म्हणतात. विजेचा खांब दिसतो.
हवं ते सोडून सगळं.

तरी ट्रान्समीटर मागितला.
मी पट्टा त्यांच्या गळ्यात घातला.
मोटरचा आवाज चढला, लांबला,
टॉवरांच्या रांगेवर एक लाल काडी.
घार चौकशीला आली, गेली.

कसं आहे?
सरळ.
त्यांनी अर्धा रोल मारला.
आता?
उलटं. नाक खाली येतंय.
मग ढकलतो.

एरवी जे ढकलणं जमिनीत घालतं
त्यानंच ते वर राहिलं,
पोट आभाळाला, चाकं उगाच फिरत.

माझ्याकडे येतंय?
येतंय.
कुठला पडतोय?
मी बोट दाखवलं. मग जीभ चावली,
आणि त्यांच्या उजव्या खांद्याला हात लावला.
काठी हलली. तांदळाच्या दाण्याएवढी.

उतरव तू, म्हणाले,
उतरवताना मला कुणी बोललेलं चालत नाही.

मी उतरवलं. जरा वाकडंच,
एक चाक बांधावर, एक मिठात.
खुर्चीतून आवाज आला,
बॅटरी तीन मिलिमीटर मागे सरकव.
उलटं असताना फार ढकलावं लागतंय.