सरस

शनिवारी कारखान्यात आम्ही दोघंच.
गेरिट हुक्स्ट्रा पट्ट्याच्या करवतीला तेल देतो
आणि माझ्यापुढे तेवीस बाटल्या,
महिनाभर खुर्च्यांच्या सांध्यांना पाजून
आतून पिवळ्या पडलेल्या, तोंडं मिटलेल्या.
बाहेर ग्रँड रॅपिड्समध्ये बर्फ.
गाड्या रस्त्यावर मीठ पेरत जातात
आणि अजून मला ते पेरणं बघवत नाही.

नवी बाटली अडीच डॉलरला मिळते.
एकदा म्हटलं मी तसं.
गेरिटने माझ्याकडे जे पाहिलं
ते बार्शीत माझ्या वडिलांनी पाहिलं होतं,
अर्धं पातेलं खळ मी मोरीत ओतली तेव्हा.
वह्या बांधायचे ते. मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद,
किड्यांनी हिशेब खाऊ नयेत म्हणून.
हिशेब माणसांनीच खाल्ले, ते सोडा.

पहिला महिना मी बाटल्यांशी नुसती झुंजले.
कढत पाणी, व्हिनेगर, सायकलच्या चाकाची तार.
किडलेली दाढ कोरावी तशी एकेक तोंड कोरलं.
ओला गोंद पाण्यात दुधासारखा फुटायचा,
नळीत जाऊन बसायचा, नखांत, अंगठीखाली,
रात्री भाकरी थापताना पिठात पांढरा कण दिसला
की मी थबकायची.

"घाई करतेस," गेरिट म्हणाला. "वाळू दे.
पुरता वाळू दे."

मग रेडिएटरवरची फळी. टोपणं काढून,
पंधरा दिवस, कधी तीन आठवडे.
मग बाटली घ्यायची आणि दाबायची.
कुरडई मोडावी तसा आवाज येतो,
भिंतीपासून पापुद्रा सुटतो.
फिरवायची, पुन्हा दाबायची,
चिमट्याने ओढलं की तोंडातून निघून येतो
कणसाच्या आतल्या सालीइतका पातळ
आख्खा पिवळा अंगरखा.

ओक आणि मेपलची जन्माची गाठ घालणारा हा,
ज्या बाटलीत राहिला तिला मात्र धरत नाही.
प्लास्टिकचा गुण आहे, गेरिट म्हणतो.
असेल.

आमच्याकडे सुतार याला सरस म्हणायचे.
चांगल्यापेक्षा चांगलं असेल तेही सरस.
मी हे गेरिटला सांगितलं.
तो विचार करून म्हणाला,
मग वाईट गोंदाला तुम्ही काय म्हणता?

तेविसाव्या बाटलीवर काळ्या शाईत लिहिलंय:
डेल. हात लावू नये.
डेल चार वर्षांपूर्वी भांडून मस्कीगनला गेला.
एका डुलखुर्चीच्या पायावरून, एवढंच कळलं.
दर शनिवारी मी ती पुसायची
आणि फळीच्या टोकाला परत ठेवायची.
आतला ऐवज काकवीसारखा गडद झालेला.

आज गेरिटने ती स्वतःच उचलली.
करवत बंद केली. दाबली. काही नाही.
दोन्ही हातांनी दाबली, मान लाल होईपर्यंत.
काड्.
फार मोठा नव्हता आवाज.
आत गोळा सुटला, पण तोंडातून यायला तयार नाही.
गेरिटने बाटली कानाशी धरली
आणि खुळखुळ्यासारखी हलवली. दोनदा.
मग स्क्रूड्रायव्हरने आतल्या आत फोडून
तुकडे तळहातावर ओतले.
कचऱ्याचा डबा पायाशीच होता.
त्याने ते ॲप्रनच्या खिशात टाकले.

"तुझं नाव घाल हिच्यावर," म्हणाला,
आणि करवत सुरू केली, म्हणजे बोलणं संपलं.

चिकटपट्टी लावून लिहिलं मी: हेमलता.
हात आपोआप देवनागरीतच वळला.
सोमवारी पोरं विचारतील,
दोरीवर वाळत घातलेलं हे धुणं कुणाचं?
पट्टी पातळ आहे. 'ल'च्या मागून
डेलचं पहिलं अक्षर दिसतं.

ताजा सरस भरला, टोपण फिरवलं.
टोकावर एक थेंब आला, तो बोटाने टिपला
आणि बोट पुसायचं राहून गेलं.