दुसरं टोक

तिघऱ्याला शीड पोचवायला निघालो तेव्हा
टेम्पोवाल्याने विचारलं, किसका तंबू है, चाचा?
म्हटलं, पाण्याचा.

जन्मभर शामियानेच शिवले दौलतगंजात.
लग्नाचे, तेराव्याचे, एकदा निवडणुकीचा,
जो मंत्री पोचायच्या आत वाऱ्याने नेला.
वारा आमचा वैरी.
त्याला कनातीत झरोके ठेवून वाट काढून द्यायची,
वर वाळूची पोती, खुंट्या, शिव्या.
आणि हे कापड तर त्याच्याच वाटेकडे डोळे लावून.

वरच्या कोपऱ्यात पितळी कडी बसवली होती मी,
तिहेरी पट्टी देऊन, मेणाच्या दोऱ्याने.
रुपयाएवढी कडी,
सगळ्या शिडाचा भार तिच्यावर.

हेमांगी पोतनीस, अकरावीतली, नेव्हल युनिटची,
हिने कडीत दोर ओवायला घेतला.
हॅलयार्ड, म्हणाली.
मराठीत काय म्हणतात गं?
तिला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.
आमची माणसं दक्षिणेकडून घोड्यांवर आली;
लगाम, रिकीब, तंग, सगळ्याला शब्द होते त्यांच्याजवळ.
या दोराचा शब्द किनाऱ्यावरच राहिला असेल
कुणा कोळ्याच्या तोंडात,
खारट.

तेवढ्यात तिचा हात सुटला.
टोक सरसर वर,
थेट डोलकाठीच्या शेंड्याला, चाकाशी अडकून
बोटभर लोंबत राहिलं, वाकुल्या दाखवत.

बघेल सर रागावले नाहीत.
चौघांनी पाण्यात उतरून नाव आडवी पाडली,
नाल ठोकताना बैलाला पाडतात तशी,
आणि शेंडा आपणहून चालत आला
पोरीच्या हाताशी.
तिचे कान लाल.

मी म्हटलं, बेटा,
दोऱ्याला गाठ मारल्याशिवाय
मी पहिला टाका घालत नाही.
चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं;
समोर बसून कुणी विचारलंच नव्हतं.
पोरगा पुण्यात. बरं चाललंय त्याचं.

दाखवा ना तुमची गाठ, म्हणाली.
दाखवली. एक फास,
खालून वर, मागून वळसा,
पुन्हा त्याच फासातून खाली.
कितीही ताणा, सुटत नाही,
सोडायची म्हटली की बोटभर ढकलली, सुटली.
ती हसायलाच लागली.
अहो काका, ही तर बोलाइन, परीक्षेला असते!
असेल.
बापाने शिकवली मला, नाव न सांगता.

मग शीड चढलं.
आधी फडफडलं, धुणं वाळत घातल्यासारखं,
मग पोटात हवा धरून गप्प झालं.
सगळे पाण्याकडे बघत होते,
मी कडीकडे.
पट्टी धरेल का. दुसरा टाका जरा तिरका गेला होता,
त्या दिवशी लाइट नव्हती.

धरली.

चाचा, बघेल सर म्हणाले,
अब छोड दीजिए, बांध लिया है उसने.
बघितलं तर
दोराचं खालचं टोक
अजून माझ्याच मुठीत.