ताशी तीन

अण्णांनी हा रस्ता केला तेव्हा
त्यांचा वेग ताशी तीन.
पुढे जायचं, जवळजवळ तेवढंच मागे यायचं,
पुन्हा पुढे.
बांधकाम खात्याचा रोलर, नंबर सतरा,
आणि खडीवर पाणी मारणाऱ्या वडारवाडीच्या बाया.

आज मी त्यांना शेजारी बसवून निघालेय,
बीडहून धारूर, मग घाट उतरून तेलगाव.
पट्टा लावताना म्हणाले,
"बांधून कशाला नेतीस कले,
पळून जातोय का मी?"

खजाना विहीर मागे पडली.
पालीजवळ बिंदुसरेचं पाणी उजाडलं,
कार्तिकातलं, काठोकाठ,
डोंगराची सावली अर्ध्यापर्यंत आत शिरलेली.
"केवढं पाणी!" मी म्हटलं.
अण्णांनी तिकडे पाहिलंच नाही.
ते बघत होते समोर, चौपदरी सिमेंटकडे,
ओळखीच्या घरावर भलतीच पाटी दिसावी तसे.
"खाली हाय," म्हणाले. "माझा खाली हाय."

मांजरसुंब्याच्या घाटात काटा साठवर गेला
आणि त्यांचा हात डॅशबोर्डवर.
"हाळू. ह्या वळणाला अकरा दिस गेलते."
अकरा दिवस.
मी ते चार सेकंदांत ओलांडले होते.

मग मला सुचेचना काही.
नेकनूरच्या अलीकडचा चढ म्हणजे एक अख्खा उन्हाळा,
मोरीचा पूल येतो तिथे बाळूच्या जन्माचा सांगावा आला
आणि डिझेल संपलं म्हणून दोन दिवस जाता आलं नाही,
केजच्या वेशीपर्यंत आईचा टायफॉइड.
मी ब्रेकवर पाय ठेवून होते
तरी आईचा टायफॉइड सव्वा मिनिटात गेला.

धारूरला किल्ल्याखाली सीताफळं घेतली,
डोळे उघडलेली, उद्यापर्यंत न टिकणारी.
बुरुजाकडे बोट करून बाई म्हणाली,
"आत गोड पाण्याचं टाकं हाय, बघून या की."
अण्णा म्हणाले, "बघितलंय. घागरींनी उपसलंय."
याच तटाखाली आमची पाल होती एक हिवाळा.
इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ कोमट असायचं.
मी सात वर्षांची,
रोलरला पाठ लावून झोपायचे.
ते लोखंड इतकं मऊ आठवतं
की कुणाला सांगायची सोय नाही.

घाटात धावड्याची पानं लाल व्हायला लागली होती.
सालईची खोडं सोललेली,
मधेच एखादा मोर रस्ता अडवून, सरपंचासारखा.
एका ठिकाणी नवा रस्ता डोंगर कापून सरळ जातो
आणि जुनं वळण तसंच टाकून दिलेलं,
तळ्याच्या कडेने, कुसळात.
"थांब," अण्णा म्हणाले.

उतरले. चपला काढल्या.
अनवाणी पायाने चाचपत निघाले,
"इथं बसका हाय. इथं मुरूम कमी पडला.
इथं नामदेव मिस्त्रीशी भांडण झालं."
मी गाडी जुन्या डांबरावर घेतली,
पहिला गिअर, अर्धा क्लच.
काटा शून्यावरून हलेना, तरी आम्ही चाललो होतो.
वळण संपलं तिथे ते माघारी फिरले
आणि तळहात उभा धरून
मला मागे ढकलल्याची खूण केली.
मला कळायला जरा वेळ लागला.
मग रिव्हर्स टाकला.

शेळ्या घेऊन आलेल्या पोराने विचारलं,
"गाडी बिघडली का काका?"
"न्हाई रं," अण्णा म्हणाले, "काम चालूय."

पुढे. मागे. पुन्हा पुढे.
आरशात तळं एवढ्या सावकाश यायचं
की प्रत्येक लव्हाळं वेगळं दिसायचं.
एका वठलेल्या बुंध्यावर पाणकावळा
पंख पसरून बसला होता.
आम्ही तिसऱ्यांदा परत आलो
तेव्हा त्याचा डावा पंख
अजून ओलाच होता.