तळटीप एक्केचाळीस

पाच पुस्तकांत एकच वाक्य :
"बहात्तरच्या दुष्काळातही ही बारव आटली नाही."
पाच म्हणजे पुष्कळ झाले, असं वाटून
मी ते तिसऱ्या प्रकरणात घालून टाकलं.

कुलथेसरांनी समासात शिसपेन्सिलीनं विचारलं :
पाच, की एक?

मग मागं मागं गेले.
पाचवं चौथ्यावरून, चौथं तिसऱ्यावरून,
पहिल्यात एका स्मरणिकेचा हवाला.
ती परभणीत सापडली, वाचनालयाच्या माळ्यावर.
सहकारी बँकेच्या जाहिरातीखाली चार ओळी
आणि शेवटी दोन शब्द,
जे वाटेत कुणीतरी गाळले होते :
असे म्हणतात.

कोण म्हणतात?

जिंतूरच्या पुढं जीपनं, मग चालत.
गावात जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी.
सरपंचानं तर कपाट उघडून
त्या पाचांतलंच एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

शेवटी धुरपताबाई, शेळ्यांना पाला टाकत :
"आटली नव्हती माय. खोटं कामून बोलू?
पाणी व्हतं की, चांगलं पुरुषभर.
आमी सातव्या पायरीला घागर ठिवून बसायचो,
कुणी वरून वतंल म्हणून.
वतलं त पाणी."

वय विचारलं. म्हणाली, बारा-तेराची असंल.
चहा पिताना म्हणाली,
थोरला तवा अंगावर पीत व्हता.
मी वहीत दोन्ही लिहिलं.

बारवेत उतरले. गाळ, निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या.
कमान उत्तरेला.
पाची पुस्तकांत ती पूर्वेला आहे.
पायऱ्या मोजल्या : पाच, मग काळं पाणी.
सातवी खाली असेल.
नसेलही.

सर म्हणाले, साल हलतंय, साक्ष कच्ची.
मी म्हणाले, साल हलतंय, पायरी हलत नाही.
तीनदा विचारलं, तीनदा सात.
सर चष्मा पुसत म्हणाले,
पुस्तकंही पाचदा तेच म्हणत होती ना?

यावर काय बोलायचं, मला अजून सुचलेलं नाही.

ते वाक्य खोडलं नाही.
खाली बारीक टाइपात जोडलं :

४१. धुरपताबाई लिंबाजी घनसावध, मुलाखत, शेळ्यांच्या दावणीजवळ.
वय व साल अनिश्चित.
पाणी होते. कोणाला होते,
हे आधीच्या साधनांनी विचारलेले नाही.
सातवी पायरी संशोधिकेने पाहिलेली नाही.
वैशाखात पुन्हा जाणे.